बाबांचं दुपारचं बोलणं

हॉलमध्ये कॅमेरा बसवायचं ठरलं ते दुधाच्या पातेल्यामुळे. दिलीप कर्णिकांनी सकाळी अकरा वाजता गॅसवर दूध ठेवलं आणि ते आपल्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र वाचत बसले. पातेलं जळून काळं ठिक्कर पडलं, धूर चौदाव्या मजल्यावरच्या पॅसेजभर पसरला आणि समोरच्या बाईंनी घाबरून गार्डला बोलावलं. त्यांची सून रुचिरा ऑफिसातून टॅक्सी करून धावत आली, तेव्हा सासरे सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसले होते, मास्तरांसमोर बसावं तसे.

"काही झालं नाही गं," ते म्हणाले. "दूध विसरलो, इतकंच."

पत्नी कुमुदिनीबाई गेल्यावर बाबांनी साताऱ्याचं भाड्याचं घर सोडलं आणि ते नोएडाला मुलाकडे आले, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. राघव आणि रुचिरा दोघंही नोकरीला, त्यांची नऊ वर्षांची मुलगी सृष्टी शाळेत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत घरात ते एकटेच असायचे.

तंत्रज्ञानाच्या बातम्यांचा बाबांना भारी नाद. सकाळी चहाबरोबर ते वर्तमानपत्रातलं ते एक पान आधी काढायचे. कुठे लाखो लोकांची माहिती चोरीला गेली, कुठे कुणी आवाजाची नक्कल करून कुणाला फसवलं, असं काहीबाही मोठ्यानं वाचून दाखवायचे. राघव एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, त्याला या बातम्यांचं हसू यायचं.

"आज कुणाचा डेटा फुटला, बाबा?"

"हस तू. एका दवाखान्याचा फुटलाय. माणसांचे आजार बाहेर पडलेत."

"पडू देत यार. आपल्याकडे लपवायला आहे काय? माझं वजन आणि घरातला पासवर्ड. पासवर्ड तर सृष्टीच्या मैत्रिणींनाही पाठ आहे." हे मात्र खरं होतं. त्यांच्या घरात सगळ्याला एकच पासवर्ड होता, सृष्टीचं नाव आणि पुढे तिचं जन्मवर्ष. "प्रायव्हसी वगैरे संपली, बाबा. आता शोक करण्यात पॉइंट नाही."

पातेलं जळल्यानंतरच्या रविवारी राघवनं स्टूलवर चढून शूजच्या कपाटावरच्या कोपऱ्यात कॅमेरा लावला. हॉल आणि स्वयंपाकघराचं दार असं दोन्ही दिसेल, असा तो कोपरा होता. बाबा खाली उभं राहून बघत होते.

"तुझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तो काळा तुकडा चिकटवलाय," ते म्हणाले, "तो कशासाठी?"

"ते ऑफिसचं आहे, बाबा. तिथे नियम असतात."

"अच्छा." बाबांनी मान हलवली. "लावा. घर तुमचं आहे."

ते 'तुमचं' रुचिराला लागलं. पण राघवनं ते ऐकलंच नसावं. तो मोबाइलवर चित्र नीट दिसतंय का ते पाहत होता.

राघवनं दोन दिवस कौतुकानं कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडून पाहिलं आणि मग तो विसरून गेला. रुचिराच्या फोनवर मात्र सूचना येत राहिल्या. हॉलमध्ये हालचाल. हॉलमध्ये हालचाल. ती मीटिंगमधून फोन अर्धवट उचलून बघायची. बाबा पाणी पिताहेत. बाबा खिडकीशी उभे आहेत. गॅस बंद आहे. हायसं वाटून ती फोन उलटा ठेवायची.

आवाजाचं तिला आठवड्यानं कळलं. दुपारी डबा खाताना तिनं चुकून एका खुणेवर बोट ठेवलं आणि कानातल्या इअरफोनमध्ये बाबा बोलायला लागले, इतके जवळून की तिनं दचकून मागे वळून पाहिलं.

"नाही गं प्रज्ञा, तसं काही नाही. जेवलो की."

प्रज्ञा म्हणजे राघवची मोठी बहीण, पुण्याला असायची. बाबांच्या खोलीत मोबाइलला धड रेंज नव्हती, म्हणून ते रोज दुपारी तीनच्या सुमारास हॉलमध्ये बसून तिला फोन करायचे. रुचिरा लगेच बंद करणार होती. खरंच करणार होती. तेवढ्यात तिचं नाव आलं.

"रुचिरा? चांगली आहे बिचारी. हाताला चव आहे. फक्त वाढताना घड्याळाकडे बघते, मग मला घास पटापट गिळावासा वाटतो." थोडं थांबून बाबा हसले. "अळूचं फदफदं खाऊन किती दिवस झाले. तुझी आई करायची."

रुचिराच्या तोंडातला घास तिथेच राहिला. ती घड्याळाकडे बघते हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं मनगटावरचं घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मगच पानं घेतली. शनिवारी भाजीवाल्याकडून अरबीचे पत्ते, म्हणजे अळूची पानं, आणली, त्यात शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ आणि चिंचगूळ घालून फदफदं केलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि ते तिच्याकडे बघतच राहिले.

"तुला कसं सुचलं गं?"

"सहज," रुचिरा म्हणाली.

बाबा त्या दिवशी तीनदा भात घेऊन जेवले. रुचिराला वाटलं, आपण काही वाईट तर करत नाही. ज्या माणसाला स्वतःहून काही मागता येत नाही, त्याचं आपण न मागता ऐकतो आहोत. मग तीन वाजता ती डबा घेऊन पँट्रीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायला लागली. सोबतच्या बायकांना वाटायचं, ती मालिका बघते.

तिला बाबांबद्दल कितीतरी कळलं. त्यांना सृष्टीचं हिंदी ऐकून वाईट वाटतं, पण तिला टोकलं तर ती आपल्याजवळ यायची नाही म्हणून ते गप्प बसतात. जिना चढताना त्यांच्या छातीत जड होतं, ते कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. रुचिरानं लगेच ऑफिसतर्फे तपासण्या फुकट होत आहेत असं खोटंच सांगून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हृदय ठीक निघालं. फुप्फुसं थोडी कमजोर आहेत, थंडीत इथली हवा बिघडली की बाहेर पडू देऊ नका, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा परतताना म्हणाले, "तुझ्या लक्षात बरं येतं सगळं." तिनं गाडीची काच उगाच वर-खाली केली.

आणि एक गोष्ट तिला कळली ती तिला गिळता येईना. बाबांना इथून जायचं होतं.

"चार महिने येऊ का गं तुझ्याकडे?" त्यांनी एका दुपारी विचारलं होतं. मग बराच वेळ नुसतं "हं, हं" केलं. "नाही, नाही, राहू दे. मी आपलं विचारलं." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दसऱ्यानंतर तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. ऑफिसच्या टेबलावर बसून रुचिरानं त्यांची पाठ पाहिली. प्रज्ञाचा तिला असा राग आला की तिनं डबा अर्धाच टाकून बंद केला.

भाऊबिजेला प्रज्ञाचा व्हिडिओ कॉल आला. राघव पाटावर बसला, समोर फोन उभा केला, प्रज्ञानं पुण्याहून पडद्याला ओवाळलं, सृष्टी खदाखदा हसली. बाबा नवा सदरा घालून सोफ्यावर बसले होते. करंज्या, चिवडा, सगळं यथासांग चाललं होतं. शेवटी प्रज्ञा म्हणाली, "बाबा, या ना आता इकडे थोडे दिवस. राघव, पाठव रे त्यांना. मी किती म्हणते, ते ऐकतच नाहीत."

रुचिरा करंज्यांचं ताट घेऊन उभी होती.

"ताई, असं काय बोलता?" ती म्हणाली. "त्यांनी तीनदा विचारलं तुम्हाला. तिन्ही वेळा तुम्ही नाही म्हणालात."

पडद्यावरचा प्रज्ञाचा चेहरा होता तसा थांबला, जणू नेट गेलं. राघव एकदा बायकोकडे, एकदा बापाकडे बघत राहिला. बाबांनी मान वर केली ती रुचिराकडे पाहायला नाही, तर शूजच्या कपाटावरच्या कोपऱ्याकडे. मग ते सावकाश उठले आणि त्यांच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला, रुचिराच्या ऑफिसच्या वेळेत.

"तू बाबांचं ऐकलंस," तिचा आवाज सपाट होता. "मी काय म्हणत होते ते तुला कुठे ऐकू आलं?"

"ताई, मी..."

"घरी हे रोज पितात, रुचिरा. नोकरी गेल्यापासून. दोनदा हात उचललाय माझ्यावर. बाबा आले तर त्यांना ते बघावं लागेल, म्हणून मी नको म्हणत होते. काल सगळ्यांसमोर बोलावलं ते तुम्हाला संशय येऊ नये म्हणून. बाबांना सगळं माहीत होतं. कुणाला सांगू नका म्हणून मीच त्यांच्याकडून शब्द घेतला होता. काल राघवला वाटलं, मी बापाला ठेवून घेत नाही. रात्री त्यानं मला नाही नाही ते सुनावलं, मग मला सांगावंच लागलं. आता तो इथे येऊन मारामारी करायची भाषा बोलतोय. झालं तुझं समाधान?"

फोन कधी बंद झाला ते रुचिराला कळलं नाही.

संध्याकाळी ती बाबांच्या खोलीच्या दाराशी गेली. ते खुर्चीत बसले होते. रागावलेले दिसत नव्हते, त्यामुळे तिला अधिकच भीती वाटली.

"बस," ते म्हणाले.

ती पलंगाच्या कडेवर बसली.

"मी टेलिफोन खात्यात अठरा वर्षं ट्रंक बोर्डावर होतो, बाहेरगावचे कॉल जोडून द्यायला, तुला माहीतच आहे. कानाला हेडफोन. दोन माणसं जोडून दिली की आपली कळ वर करायची, मग त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. कळ वर केली की नाही, ते बघायला कुणी नसायचं. ज्याचं त्यानं ठरवायचं." त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. "एकदा मी नाही केली. गावातल्या एका ओळखीच्या माणसाच्या मुलीचं लग्न मोडत होतं, मुंबईहून त्याचा व्याही बोलत होता. मी सगळं ऐकलं. मग चार दिवसांनी तो मला बाजारात भेटला. हसून म्हणाला, लग्नाला यायचं हं कर्णिक. मला त्याच्याकडे बघवेना. तो काय लपवतोय ते मला माहीत, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत नाही. त्यानंतर मी कळ कधी विसरलो नाही."

"बाबा, मी तुमच्या भल्यासाठी..."

"ते मला कळतं गं. अळू आणलंस, डॉक्टरकडे नेलंस. ते सगळं चांगलंच होतं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पण मला वाटलं होतं, ते तुला आपलं आपण सुचलं."

रुचिरानं दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः स्टूलवर चढून कॅमेरा काढला. वायर ओढली, स्क्रू काढले, भिंतीला दोन भोकं राहिली. तो बाबांच्या हातात देत ती म्हणाली, "काढला, बाबा. अ‍ॅपही काढून टाकलं. हा बघा फोन."

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी कॅमेरा न बघताच टेबलावर ठेवला.

त्या दिवसापासून बाबा घरात बोलेनासे झाले. विचारलं तर उत्तर द्यायचे. हो, नाही, बास, जेवलो. सकाळचं पान मोठ्यानं वाचणं बंद झालं. टीव्हीचं बटण ते भिंतीपाशी बंद करून ठेवायला लागले. आपला मोबाइल स्टीलच्या डब्यात घालून डबा कपाटात ठेवायचे. राघव आधी बहिणीच्या काळजीनं पुण्याला दोन फेऱ्या मारून आला. दोन्ही वेळा काही न होता परतला, कारण नवऱ्याला सोडायला प्रज्ञा तयार नव्हती. मग त्याचं लक्ष बापाकडे गेलं.

"बाबा, हे जरा अति होतंय. हॉलमधल्या या स्मार्ट स्पीकरचा माइक मी बंद केलाय. बघा, लाल दिवा लागलाय."

"तो दिवा कोण लावतं?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"माइक बंद आहे हे तुला दिवा सांगतो. दिवा खरं सांगतोय, हे कोण सांगतं?"

राघव हसायला गेला, पण हसला नाही. तो स्पीकर त्यानं उचलून कारच्या डिकीत टाकला. परत वर येऊन तो रुचिराला म्हणाला, "चार दिवसांत विसरतील गं. म्हातारी माणसं अशीच असतात."

बाबा विसरले नाहीत. दुपारी तीन वाजले की ते डब्यातून फोन काढायचे आणि लिफ्टनं खाली जाऊन सोसायटीच्या बागेतल्या शेवटच्या बाकावर बसायचे. तिथून प्रज्ञाशी बोलायचे. नोव्हेंबर अर्धा सरला होता. चौदाव्या मजल्यावरून समोरचे टॉवर दिसेनासे झाले होते, हवेला जळक्या रबरासारखा वास होता, सृष्टीची शाळा बंद होऊन घरी बसून वर्ग सुरू झाले होते. बाग रिकामी असायची. त्या धुरकटात बाबांची मफलर गुंडाळलेली आकृती तेवढी बाकावर दिसते, असं गार्ड रुचिराला सांगायचा.

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय ना? निदान मास्क तरी लावा."

"मास्क लावून बोलता येत नाही."

"मग घरात बोला. मी दिवसभर नसते. कुणी ऐकत नाही हो, शपथ."

"असेल," बाबा म्हणाले. "पण मला आता बोलताना सारखं वाटतं की कुणीतरी आहे. वाक्य मनात आधी तपासून घेतो मी. प्रज्ञाला तरी मोकळेपणानं बोलायला माणूस नको? तिला माझ्याशिवाय कोण आहे?"

तिनं त्यांच्यासाठी सुटी घेऊन पाहिली. मग ते पाच वाजता खाली गेले. राघवनं त्यांच्यावर आवाज चढवून पाहिला. तर ते जोडे घालतच राहिले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खोकला सुरू झाला. तीन दिवसांनी ताप चढला आणि चौथ्या दिवशी दुपारी बाकावरच त्यांना श्वास घेता येईना. गार्डनं आणि माळ्यानं त्यांना खुर्चीत घालून गेटपर्यंत आणलं. रुचिरा इस्पितळात पोचली तेव्हा त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि एक तरुण डॉक्टर फॉर्म भरत होता.

"अंकल, यह सीने में भारीपन कब से है?"

बाबांनी डोळे उघडले. रुचिरा पायथ्याशी उभी होती. तिच्याकडे बोट करायलाही त्यांना कष्ट पडले.

"इनसे पूछिए," ते म्हणाले. "इनको सब मालूम है।"

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते दमले होते आणि खरंच तेवढंच सांगत होते. डॉक्टर पेन सरसावून तिच्याकडे वळला. रुचिरानं सांगितलं, सप्टेंबरपासून, जिना चढताना, डाव्या बाजूला. सगळं तिला तारीखवार ठाऊक होतं.

अकरा दिवसांनी बाबा घरी आले. न्यूमोनिया उतरला होता, पण फुप्फुसं पहिल्यासारखी व्हायची नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं, त्याची घरघर दिवसरात्र घरात भरून राहिली. खाली जाणं संपलं. प्रज्ञाचे फोन कमी होत गेले. आठवड्यातून एखादा, तोही दोन मिनिटांचा. बाबा आता हॉलमध्येही येत नव्हते, आणि खोलीतली रेंज पहिल्यासारखीच तुटत होती. प्रज्ञाचं तिकडे काय चाललंय, हे हळूहळू कुणालाच कळेनासं झालं.

जानेवारीतल्या एका सकाळी रुचिरा चहा घेऊन त्यांच्या दाराशी गेली. आता ती घरूनच काम करायची आणि आत जाताना नेहमी दारावर टकटक करायची.

"ये," आतून आवाज आला.

तिनं कप ठेवला, उशी सारखी केली, आणि जायच्या ऐवजी खुर्चीत बसली. कितीतरी दिवस तिच्या मनात होतं ते आज बोलायचंच, असं तिनं ठरवलं होतं. तिला वाटत होतं, ह्यांचं सगळं आपल्याकडे आलं, आपलं ह्यांच्याकडे काहीच नाही. आपण काही दिलं तर कदाचित काही फिटेल.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. राघवलाही माहीत नाही."

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. यंत्र घरघरत होतं.

"आई आजारी होत्या ना, त्या वर्षी मला पुण्यात नोकरी मिळत होती. चांगली होती. राघवची बदलीही सहज झाली असती. मी त्या कंपनीला परस्पर नकार कळवला. घरी सांगितलंच नाही." तिनं कपाखालची बशी सरळ केली. "पुण्याला आलो असतो तर दर शनिवार-रविवार साताऱ्याला यावं लागलं असतं. आईंचं करावं लागलं असतं. मला ते नको होतं."

बाबांनी डोळे मिटले. तिला वाटलं, झोपले की काय.

"शेवटचे तीन महिने ती दर शनिवारी विचारायची," ते म्हणाले. "राघव येणार आहे का म्हणून. मी सांगायचो, लांब आहे गं, विमानानं यावं लागतं, पोरांना जमत नाही."

रुचिराच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचं तिला भान राहिलं नाही.

"मला हे का सांगितलंस?"

"तुमच्यापासून काही लपवून ठेवायचं नव्हतं."

"हे लपवलं असतंस तरी चाललं असतं, पोरी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "पोरं लांब आहेत म्हणून येत नाहीत, यावर मी निभावून नेलं होतं. आता ते राहिलं नाही."

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही, धरलाही नाही.

"मी कुणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "राघवलासुद्धा नाही. जाताना दार लावून घे."

रुचिरानं दार ओढून घेतलं. बाहेर सृष्टी लॅपटॉपसमोर बसली होती, खराब हवेमुळे पुन्हा घरूनच शाळेचा तास सुरू होता, आणि बाई एकेका मुलाचं नाव घेऊन हजेरी घेत होत्या. रुचिरा स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आतून कप बशीत ठेवल्याचा आवाज येईल म्हणून ती वाट बघत होती. तो आला नाही. दुपारी तिनं तो कप भरलेलाच उचलून आणला, चहावर जाड साय धरली होती.